वाळूतून चाललेलं जहाज

माझा जन्म १९६७ सालच्या जुलै महिन्यातला. रत्नागिरी जिल्ह्यातलं खाडीकाठचं आमचं गाव. त्या दिवशी घरात दादी होती, अम्मा होती, अंथरुणाला खिळलेले दादा होते. नव्हते ते फक्त बाबा. ते मालवाहू जहाजावर खलाशी होते आणि हिशेबाप्रमाणे जुलैच्या मध्यावर मुंबईला उतरायला हवे होते. उतरले ते सप्टेंबरात. मधल्या काळात मी जन्मलो आणि दादा गेले. मुलाच्या जन्माची आणि बापाच्या मयतीची बातमी बाबांनी आफ्रिकेच्या एका बंदरात वाचली. दोन्ही पत्रं एकाच दिवशी हातात पडली. आधी कुठलं फोडलं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि विचारायचा धीर मला झाला नाही.

बाबा वेळेवर का आले नाहीत, असं लहानपणी विचारलं की दादीचं उत्तर ठरलेलं असे. ‘सुवेस बंद झाला होता ना, बाळा.’ पुष्कळ वर्षं मला वाटायचं की सुवेस म्हणजे मोठा दरवाजा असेल, आणि कुणीतरी त्याला कडी घालून किल्ली खिशात टाकली असेल. पुढे इतिहास वाचला तेव्हा लक्षात आलं, की माझी ती पोरवयातली समजूत फारशी चुकीची नव्हती.

बी.ए.ला इतिहासाच्या पेपरात सुएझ कालव्यावर टीप लिहायची असे. १८६९ साली फर्डिनंड द लेसेप्स यांनी कालवा बांधला, त्यामुळे युरोप आणि हिंदुस्थान यांच्यातलं अंतर कमी झालं, एवढं लिहिलं की गुण मिळत. मलाही मिळाले. पण ‘बांधला’ हे क्रियापद लिहिताना हात अडखळायचा. एका माणसानं एवढा कालवा कसा बांधला असेल? आणि अंतर कमी झालं, ते कुणाचं?

लेसेप्सच्या आधीही लोकांनी तिथे पाणी जोडलं होतं. इराणचा सम्राट दारियस यानं सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी नाईल नदीपासून तांबड्या समुद्राकडे कालवा नेला आणि ते दगडावर कोरून ठेवलं. ते दगड सापडले आहेत. सातव्या शतकात, खलिफा हजरत उमर यांच्या काळात, इजिप्तचे सुभेदार अम्र इब्न अल्-आस यांनी बुजलेला जुना कालवा पुन्हा उघडला. हेतू साधा होता. अरबस्तानात दुष्काळ पडला होता आणि इजिप्तचं धान्य मदिनेच्या लोकांपर्यंत पोचवायचं होतं. पुढे आठव्या शतकात अब्बासी खलिफा अल्-मन्सूर यानं तोच कालवा बंद करवला, कारण मदिनेत बंड झालं होतं आणि बंडखोरांची रसद तोडायची होती. जे पाणी भाकरी घेऊन गेलं, तेच पाणी भाकरी अडवायला कामी आलं. मला वाटतं, पुढच्या सगळ्या इतिहासाची गोष्ट एवढ्यातच आली.

१७९८ साली नेपोलियन इजिप्तवर चालून गेला. दोन समुद्र थेट जोडता येतील का, हे पाहायला त्यानं मोजणीदार सोबत नेले होते. त्यांचं गणित चुकलं. तांबडा समुद्र भूमध्य समुद्रापेक्षा सुमारे दहा मीटरनं उंच आहे, असा त्यांचा निष्कर्ष निघाला आणि बेत बारगळला. १८४७च्या नव्या मोजणीत दोन्ही समुद्रांची पातळी जवळजवळ सारखीच असल्याचं सिद्ध झालं. याचा अर्थ असा, की कुलुपं, फाटकं, पाण्याच्या पायऱ्या असलं काही न बांधता, नुसती वाळू खणून कालवा नेता येणार होता. पनामाच्या कालव्यात जहाज पाण्याच्या पायऱ्यांनी वर चढतं आणि खाली उतरतं. सुएझमध्ये ते सपाट पाण्यावरून सरळ जातं.

यात मुंबईचाही संबंध आहे. ‘ह्यू लिंडसे’ नावाची आगबोट मुंबईच्या गोदीत बांधली गेली आणि १८३० साली ती मुंबईहून सुएझला पोचली. महिनाभर लागला. पण तेव्हा केप ऑफ गुड होपला वळसा घालून शिडाच्या जहाजानं विलायतेला जायचं तर चार-सहा महिने लागत. त्यामुळे टपाल आणि साहेबलोक सुएझला उतरू लागले. तिथून वाळवंटातून कैरो, पुढे अलेक्झांड्रिया आणि मग दुसरं जहाज. माणसांना आणि पत्रांना हे जमत होतं. कापसाच्या गाठी उंटावर लादणं आणि पुन्हा उतरवणं परवडणारं नव्हतं. मालाला सलग पाणी हवं होतं.

लेसेप्स इंजिनियर नव्हता, तो फ्रान्सचा माजी राजदूत होता. इजिप्तचा शासक सैद पाशा याच्याशी त्याची जुनी ओळख होती. ३० नोव्हेंबर १८५४ रोजी सैद पाशानं त्याला कालव्याची सनद दिली. कालवा सुरू झाल्यापासून ९९ वर्षं तो कंपनीच्या ताब्यात राहणार होता. २५ एप्रिल १८५९ रोजी भूमध्य समुद्राच्या काठावर पहिली कुदळ पडली. तिथे जे गाव वसलं, ते पाशाच्या नावावरून पोर्ट सैद झालं.

आता खणलं कुणी, ते पाहू. पाशानं वेठीनं माणसं पुरवायचं कबूल केलं होतं. इजिप्तच्या शेतकऱ्याला फेलाह म्हणतात. दर महिन्याला सुमारे वीस हजार फेलाह कालव्यावर आणले जात. वीस हजार कामावर असत, तेव्हा वीस हजार घराकडे परतत असत आणि आणखी वीस हजार येण्याच्या वाटेवर असत. म्हणजे साठ हजार कुटुंबांची शेतं ओस. मजुरी नाममात्र, हत्यारं म्हणजे कुदळ आणि टोपली, आणि कित्येक ठिकाणी हातानंच उपसलेला चिखल. वाळवंटात पिण्याचं पाणी उंटांवरून यायचं. नाईलचं गोडं पाणी आणणारा वेगळा कालवा आधी खणावा लागला, तो सुएझपर्यंत पोचला १८६३ साली. १८६५मध्ये कॉलऱ्याची साथ आली.

माणसं किती मेली? कंपनीनं आकडे अगदी थोडे दाखवले. नासर यांनी १९५६च्या भाषणात एक लाख वीस हजार म्हटलं. इतिहासकारांचं एकमत नाही. मला या वादातला आकडा महत्त्वाचा वाटत नाही. महत्त्वाचं हे वाटतं, की शेअर किती विकले गेले ते शेवटच्या कागदापर्यंत मोजलेलं आहे. माणसं मात्र कुणी नीट मोजली नाहीत.

ब्रिटिशांचा या कालव्याला विरोध होता. फ्रेंचांच्या हाती हिंदुस्थानची वाट जाईल, ही पंतप्रधान पामर्स्टन यांची खरी भीती. वेठबिगारीविरुद्ध लंडनमध्ये बरीच ओरड झाली. पण त्याच इजिप्तमध्ये अलेक्झांड्रिया-कैरो रेल्वे इंग्रज इंजिनियरांच्या देखरेखीखाली वेठीच्या माणसांनीच बांधली होती, त्याबद्दल ओरड झाली नाही. तरी या राजकारणातून एक चांगलं झालं. सैदनंतर आलेल्या इस्माइल पाशानं वेठ थांबवली. मग कंपनीनं नुकसानभरपाई मागितली. लवाद म्हणून नेमला गेला फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन, आणि त्यानं १८६४मध्ये निकाल दिला, की इजिप्तनं कंपनीला आठ कोटी चाळीस लाख फ्रँक द्यावेत. आपल्याच माणसांना वेठीतून सोडवण्याची किंमत एका देशानं परक्या कंपनीला मोजली! त्या पैशातून वाफेवर चालणारी गाळ उपसण्याची प्रचंड यंत्रं आली आणि उरलेलं बरंचसं खोदकाम यंत्रांनी झालं.

१७ नोव्हेंबर १८६९ रोजी कालवा उघडला. फ्रान्सची सम्राज्ञी युजेनी ‘लेग्ल’ जहाजातून मिरवणुकीनं आली. इस्माइल पाशानं कैरोत ऑपेरागृह बांधलं, राजेरजवाड्यांना जेवणावळी घातल्या. ‘आयदा’ ही ऑपेरा त्या उद्घाटनाला झाली, असं पुष्कळदा छापून येतं. ते खरं नाही, ‘आयदा’ कैरोत झाली ती १८७१च्या डिसेंबरमध्ये. आणखी एक गंमत सांगतो. कालव्याच्या तोंडाशी हातात दिवा घेतलेल्या फेलाह स्त्रीचा प्रचंड पुतळा उभारावा, अशी कल्पना बार्थोल्डी या शिल्पकारानं मांडली होती. इजिप्तकडे पैसे उरले नव्हते. पुढे त्याच बार्थोल्डीनं न्यूयॉर्कच्या बंदरात स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा उभा केला. शेतकरी बाई गेली, देवता आली.

मूळ कालवा १६४ किलोमीटर लांब, आठ मीटर खोल, आणि तळाशी अवघा २२ मीटर रुंद होता. मुंबई-लंडन अंतर सुमारे साडेचार हजार सागरी मैलांनी कमी झालं. १८७० साली ४८६ जहाजं गेली. शिडाच्या जहाजांना तांबड्या समुद्रातले वारे साथ देत नसत, म्हणून कालव्याबरोबर आगबोटींचं राज्य सुरू झालं. मुंबईला याचा मोठा फायदा झाला. १८७३मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, १८७५मध्ये ससून डॉक, १८८०मध्ये प्रिन्सेस डॉक. घाट चढून रेल्वे वऱ्हाडात पोचलीच होती. वऱ्हाडचा कापूस मुंबईत आणि मुंबईहून थेट लँकेशायरला. परतीच्या जहाजात गिरणीचं स्वस्त कापड. दख्खनमध्ये १८७६ ते ७८चा भयंकर दुष्काळ पडला, तेव्हाही हिंदुस्थानातून गव्हाची निर्यात थांबली नव्हती. धान्य दुष्काळी मुलखात न्यायला म्हणून एक कालवा उघडला गेला होता, हे मघाशी सांगितलं. या नव्या कालव्यातून धान्य उलट्या दिशेनं गेलं.

इजिप्तचं काय झालं? कर्जात बुडालेल्या इस्माइलनं १८७५ साली आपले १,७६,६०२ शेअर विकायला काढले. ब्रिटनचे पंतप्रधान डिझरायली यांनी रॉथशिल्ड पेढीकडून चाळीस लाख पौंड उसने घेऊन ते उचलले. १८८०मध्ये नफ्यातला पंधरा टक्क्यांचा हिस्साही इजिप्तला विकावा लागला. १८८२मध्ये ब्रिटिश फौजा उतरल्या, त्यात हिंदी पलटणीही होत्या. माणसं इजिप्तची, जमीन इजिप्तची, आणि आता कालव्यात इजिप्तचं काहीच नाही. देशाच्या पोटातून रस्ता काढला आणि त्या रस्त्यानंच देश गेला.

याच रस्त्यानं माझे दादाही गेले. आमच्या कोकणात शेती तोकडी, म्हणून घरटी एक माणूस जहाजावर असे. मोठ्या आगबोटींवर डेकचं काम बहुधा कोकण-गुजरातच्या माणसांकडे, इंजिनाच्या आगीपुढे पंजाबी आणि पठाण, खानपानाला गोव्याचे लोक. मुकादमाला सारंग म्हणत, त्याच्या खालच्याला टंडेल. गोऱ्या खलाशाच्या मानानं पगार कितीतरी कमी आणि झोपायची जागाही कायद्यानंच कमी. तांबड्या समुद्रात उन्हाळ्यात इंजिनखोलीतली माणसं उष्म्यानं कोसळत. दादांना मी पाहिलं नाही, पण त्यांची सुवेस मला दादीच्या तोंडून ठाऊक आहे. वाळूतून जहाज चालतं, एका बाजूनं उंट आपल्याबरोबर चालत असतो आणि कधी कधी पुढेही जातो! पोर्ट सैदला जादूगार बोटीवर चढतात, ‘गली-गली’ म्हणत माणसाच्या बाहीतून कोंबडीची पिल्लं काढतात. दादी समुद्रावर कधी गेली नव्हती, पण ती पिल्लं तिनं मला इतक्यांदा दाखवली, की मी ती पाहिलीच आहेत असं वाटतं.

हजला जाणारी जहाजं सुवेसमधूनच जात, अशीही गावात समजूत होती. ते तसं नव्हतं. जेद्दा मुंबईकडून येताना कालव्याच्या अलीकडेच लागतं. पण कालव्यामुळे आगबोटी वाढल्या, आणि पूर्वी शिडाच्या जहाजांनी जाणारे यात्रेकरू आगबोटीनं जाऊ लागले, एवढं खरं.

या कालव्याच्या काठावर आपली माणसं लढलीही. फेब्रुवारी १९१५मध्ये तुर्की फौज सिनाई ओलांडून आली, तेव्हा पलीकडे राखणीला प्रामुख्यानं हिंदी सैनिक होते. पाण्याच्या दोन्ही अंगांना मुसलमान शिपाई होते, दोन वेगळ्या बादशहांसाठी. पोर्ट तौफीकला हिंदी सैनिकांचं स्मारक १९२६मध्ये उभं राहिलं. १९६७ ते ७३च्या लढायांत त्याची इतकी मोडतोड झाली, की अखेर ते पाडावं लागलं, आणि १९८०मध्ये नवं स्मारक कैरोजवळ हेलिओपोलिसला झालं.

२६ जुलै १९५६ला अलेक्झांड्रियात गमाल अब्देल नासर यांचं भाषण चालू होतं. त्यात त्यांनी ‘लेसेप्स’ हे नाव पुनःपुन्हा घेतलं. ती खूण होती. नाव ऐकताच महमूद युनूस यांची माणसं कालव्याच्या कचेऱ्यांत शिरली आणि कालवा इजिप्तचा झाला. सप्टेंबरात परदेशी पायलट काम सोडून निघून गेले. इजिप्तच्या माणसांना जहाजं हाकता येणार नाहीत, कालवा आपोआप ठप्प होईल, असा युरोपचा अंदाज होता. मूठभर इजिप्शियन पायलट आणि मदतीला आलेले इतर, यांनी दिवसरात्र काम केलं आणि जहाजं चालू राहिली. मग इस्रायल, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी हल्ला केला. इजिप्तनं जहाजं बुडवून कालवा बंद केला. जगाच्या दबावाखाली हल्लेखोरांना माघार घ्यावी लागली, १९५७च्या एप्रिलमध्ये वाट मोकळी झाली, आणि संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारतीय जवानही तिथे गेले. पोर्ट सैदच्या लोकांनी १९५६च्या डिसेंबरमध्ये लेसेप्सचा पुतळा चौथऱ्यावरून उतरवला होता. माझी बी.ए.ची टीप त्यांनी दुरुस्त केली, असं म्हणायला हरकत नाही.

आणि मग ५ जून १९६७. अरब-इस्रायल युद्ध सुरू झालं आणि कालवा बंद पडला, तो आठ वर्षांसाठी. आदल्या वर्षी एकवीस हजारांहून अधिक जहाजं तिथून गेली होती. युद्ध सुरू झालं तेव्हा मधल्या ग्रेट बिटर लेकमध्ये, म्हणजे मोठ्या कडवट सरोवरात, आठ देशांची १४ जहाजं अडकली. त्यांच्यावर वाळवंटाची पिवळी धूळ बसत गेली, म्हणून त्यांना पिवळा ताफा म्हणू लागले. खलाशी आळीपाळीनं बदलत. त्यांनी आपसांत संघ काढला, हातानं टपालतिकिटं छापली, १९६८मध्ये स्वतःचं ऑलिंपिकसुद्धा भरवलं. शीतयुद्धातले शत्रुदेश, पण एका सरोवरात शेजारी! १९७५च्या ५ जूनला अन्वर सादात यांनी कालवा पुन्हा खुला केला, तेव्हा आपल्या इंजिनांवर घरी पोचली ती फक्त दोन जर्मन जहाजं.

बाबांचं जहाज त्या दिवशी युरोपात होतं. अडकलं नाही, पण त्याला आफ्रिकेला वळसा घालून यावं लागलं. वळशाचे दिवस जास्त, वाटेतल्या बंदरांत इंधनासाठी रांगा. कंपनीनं जादा दिवसांचा पगार दिला, तो कराराप्रमाणे. दादांच्या मयतीला पोचता आलं नाही, त्याला करारात कलम नव्हतं. बाबा घरी आले ते आधी कब्रस्तानात गेले आणि मग मला उचलून घेतलं, असं अम्मा सांगते.

मार्च २०२१मध्ये ‘एव्हर गिव्हन’ नावाचं चारशे मीटर लांबीचं जहाज कालव्यात आडवं रुतलं. सहा दिवस वाट बंद. त्यावरचे पंचवीसही खलाशी भारतीय होते. अजस्र जहाजापुढे एक छोटंसं माती उकरणारं यंत्र, हे छायाचित्र जगानं पाहिलं आणि हसलं. मला त्यात टोपलीवाला फेलाह दिसला. ड्रेजर, टग आणि पौर्णिमेच्या भरतीनं जहाज सुटलं. पण नुकसानभरपाईचा वाद मिटेपर्यंत, जुलैपर्यंत, ते त्याच कडवट सरोवरात उभं राहिलं. त्या सहा दिवसांत माझा भाचा चारशेहून अधिक जहाजांच्या रांगेत, सुएझच्या बाजूला नांगर टाकून होता. ‘मामू, टीव्हीवर बघताय ना? आम्ही इथे नुसते बसलोय,’ असा त्याचा निरोप आला.

कालवा आता १९३ किलोमीटरचा आहे, २०१५मध्ये त्याला समांतर नवी वाटही काढली गेली. पण २०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि मोठमोठ्या कंपन्यांनी पुन्हा केपचा वळसा धरला. भाच्याचं जहाजही वळलं. त्याच वळशात त्याला मुलगी झाली. बाळाचं तोंड त्यानं त्याच दिवशी मोबाइलवर पाहिलं, एवढा फरक पडला आहे. बाबा तेव्हा आमच्याकडे होते. वय नव्वदीला आलेलं, ऐकू कमी येतं. जहाज कुठून येतंय, असं त्यांनी विचारलं. केपवरून, असं मी कानात सांगितलं.

‘मग पंधरा-वीस दिवस जास्त धरा,’ ते म्हणाले. थोडा वेळ गप्प राहिले आणि पुढे म्हणाले, ‘तिच्या घरात कुणी म्हातारं आजारी नाही ना, विचारून ठेव.’